वारा असेल

चोरसुद्धा चोरीच्या आधी घराचा नकाशा झेरॉक्स करून घेतात, आणि तोही दुप्पट मोठा करून, हे खारूला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

बाहेर भणाण वारा सुटला होता. दुकानाचं काचेचं दार आपोआप उघडत होतं नि आपोआप आपटत होतं. दर वेळी मामा आतल्या खोलीतून ओरडत, "कोण आहे गं?" आणि दर वेळी खारू ओरडे, "कोणी नाही मामा, वारा आहे!" पाचव्या की सहाव्या वेळी दार उघडलं तेव्हा तिनं मानसुद्धा वर केली नाही. तेच उत्तर दिलं.

"वारा नाही..." समोरून कोणीतरी म्हणालं. "गिऱ्हाईक आहे."

तिनं वर पाहिलं. उंच, जरा वाकलेला, केस वाऱ्यानं उभे झालेले. बोटं ग्रीसनं काळी. काखेत पुठ्ठ्याची नळी. त्यातून त्यानं एक गुंडाळलेला कागद काढला आणि काउंटरवर इतक्या हळुवारपणे उलगडला, की जणू आत कुणी झोपलंय.

"हे दुप्पट मोठं करून मिळेल?"

"मिळेल की. किती प्रती?"

"एकच."

कागदावर एक तीन मजली घर होतं. खोल्या, जिने, खिडक्या, सगळं पट्टीनं रेखलेलं. आणि बाजूला लाल शाईत बारीक अक्षर: 'पहारेकरी दर चाळीस पावलांनी वळतो.' 'इथली फरशी वाजते.' 'मागच्या खिडकीला कडी नाही.' 'दिवा विझवल्याशिवाय पुढे जाऊ नये.'

खारूनं लाल अक्षर पुन्हा एकदा वाचलं. माणूस दिसायला सज्जन होता, डोळे तर फारच सज्जन होते, पण सज्जन दिसणं हेच तर चोराचं भांडवल. तिनं चेहरा होता तसाच ठेवला, मशीनचं झाकण उघडलं आणि एकाच्या जागी दोन प्रती काढल्या. एक त्याला. दुसरी हळूच काउंटरखाली, पोलिसांना द्यायला. मामा तिला खारूताई म्हणत ते उगाच नाही. बिघडलेला कागद, अर्धी प्रत, कुणी विसरलेली पेन्सिल, सगळं ती साठवून ठेवी.

"कुणाचं घर म्हणायचं हे?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोतवालाचं."

"आपल्या गावात कोतवाल कुठाय?"

"नाही ना. म्हणून तर..." तो थांबला. तिच्या हाताकडे पाहिलं. हात फोनच्या दिशेनं सरकत होता. "अहो... तुम्हाला मी चोर वाटलो?"

"छे! चोर कशाला?" खारू म्हणाली, आणि कान लाल झाले.

तो हसला. मोकळं, छान हसू होतं, पण मध्येच विझलं. हसताना एकदम काही आठवावं तसं.

"चोर माझा भाऊ आहे," तो म्हणाला. "म्हणजे... खेळात."

मग उभ्या उभ्या त्यानं जे सांगितलं, ते गिऱ्हाइकानं सांगण्यापेक्षा बरंच जास्त होतं. त्याचा धाकटा भाऊ, वय बावीस. त्याचा एक लाडका व्हिडिओ गेम होता, चोरपावलांचा. काजळीनं माखलेलं शहर, घरोघरी दिवे, दिव्यांखाली पहारेकरी, आणि तुम्ही चोर. मारामारी करायची नाही, सावलीतून सरकायचं. एकेक दिवा विझवत शेवटी कोतवालाच्या घरात शिरायचं आणि तिसऱ्या मजल्यावरचा मोठा दिवा विझवायचा, की शहरावरचा पहारा उठतो. धाकटा त्या शेवटच्या घरापर्यंत पोचला, आणि त्याचे हात गेले. स्नायूंचा आजार. पाय आधीच गेले होते.

"बटणं दाबता येत नाहीत त्याला. म्हणून ठरवलं, खेळ पडद्यावरून उचलायचा आणि टेबलावर मांडायचा. मी सांग्या होतो. म्हणजे गोष्ट सांगणारा. 'तू जिन्यात आहेस, वर पावलं वाजताहेत, काय करशील?' तो नुसतं तोंडानं सांगतो. जमलं की फसलं ते फासा ठरवतो." त्यानं खिशातून वीस बाजूंचा, बोराएवढा फासा काढून दाखवला. "पण पडद्यावर उजेड-अंधार दिसतो हो. कागदावर तो कसा आणायचा, ते काही जमत नाहीये."

खारूनं नकाशा पुन्हा ओढला. या मशीनला फिकं-गडद करायचं एक बटण होतं. एरवी ते जुनी, पुसट कागदपत्रं वाचता यावीत म्हणून वापरायचं. तिनं नकाशा तीनदा काढला: एकदा फिका, एकदा मध्यम, एकदा काळाकुट्ट. मग कात्रीनं खोल्या कापून एकमेकींत बसवल्या. दिव्याच्या खोल्या पांढऱ्या, शेजारच्या करड्या, कोपरे काजळीसारखे.

तो बघतच राहिला.

"तुम्ही असले खेळ खेळता?"

"मी टोनर भरते," खारू म्हणाली. "काजळीतलं मला कळतं."

*

लिफ्टवाला, कारण लिफ्टची दुरुस्ती हाच त्याचा धंदा होता, मग दर गुरुवारी येऊ लागला. मामा म्हणत, "तुझा चोर आला बघ." खारू म्हणे, "माझा कसला?" आणि गुरुवारी सकाळी उगाचच काउंटर दोनदा पुसे.

त्या काउंटरवर आयुष्यभराचे कागद येत. जन्माचे दाखले, गुणपत्रिका, भाडेकरार, आणि मृत्यूचे दाखले. शेवटचा कागद आणणारा माणूस तिला दारातूनच कळे. तो कागद लवकर हातातून सोडत नसे, आणि किती प्रती हव्यात ते त्याला कधीच नीट सांगता येत नसे. लिफ्टवाल्याचे नकाशे मात्र सगळ्यांहून वेगळे. त्यांच्या कोपऱ्यावर दर वेळी ग्रीसचा एक अंगठा उमटलेला असे, आणि तो अंगठाही प्रतीत छापला जाई.

"पहारेकऱ्याचा नियम सांगतो," एका गुरुवारी तो म्हणाला. "त्याला चाहूल लागली, की तो ओरडतो, 'कोण आहे तिथं?' इकडेतिकडे बघतो. तीस आकडे मोजेपर्यंत काही दिसलं नाही, की 'वारा असेल' म्हणतो आणि परत जातो."

"आणि विसरतो?"

"साफ."

"इतका मठ्ठ पहारेकरी? अहो, घरात कोणीतरी आहे असं एकदा वाटलं की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही माणसाच्या!"

"अशा सगळ्या खेळांत तसाच असतो."

"मग चुकीचा असतो. मी दिवसातून पन्नास वेळा 'वारा आहे' म्हणते, पण दाराकडे बघून म्हणते."

"पहिल्या दिवशी... बघितलं नव्हतं."

 खारूनं मशीनचं झाकण उगाचच जोरात लावलं.

"मग पहारेकरी तुम्हीच व्हा," तो खाली बघत म्हणाला. "म्हणजे... रविवारी दुपारी. घरी. धाकट्याला कंटाळा आलाय माझा. मी फार सोपं खेळवतो म्हणतो."

*

लिफ्टवाल्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तिसरा मजला. धाकटा दोन वर्षांत खाली उतरला नव्हता.

खारूनं दम खात वर पाऊल टाकलं, तर पलंगावरून एक बारीक, चिडवणारा आवाज आला. "दादा, पहारेकरी धापा टाकतोय. या घरात चोरी करणं सोपंय."

काड्यांसारखे हात, पण डोळ्यांत नुसती खोडी. त्याच्या छातीवर जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक उतरतं टेकवलेलं होतं, वरच्या कडेवर फासा. त्याची पाळी आली की तो ओठांचा चंबू करून फुंकर मारी, फासा गडगडत पुस्तकावरून चादरीत येई, आणि लिफ्टवाला चादर आपल्याकडे ओढून आकडा वाचे. त्याच्यापुढे पुठ्ठ्याचा एक आडोसा उभा केलेला असे, सांग्याचं गुपित म्हणून. आकडा दुसऱ्या कुणालाच दिसत नसे. आणि धाकट्याला नेहमी पंधराच्या वरच पडत असे.

खारूनं मात्र आपला फासा उघड्यावर टाकला.

"सोळा," ती म्हणाली. "चाहूल लागली. कोण आहे तिथं?"

"आता तीस आकडे मोजा," लिफ्टवाला तिला म्हणाला. "मग—"

"मोजत नाही. माझा पहारेकरी विसरत नाही. त्या जिन्यात कोणीतरी आहे, हे त्याला आता कायम ठाऊक राहणार."

लिफ्टवाल्याचा चेहरा पडला. धाकटा मात्र उजळला. "हाच! दादा, हाच नियम लिही. पहारेकरी विसरत नाही." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "पहारेकरीणबाई, दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला हरवायला बघतंय. रोज येत चला."

रोज नाही, पण दर रविवारी ती येऊ लागली. तीन रविवार, पाच, दहा. चहाचा कप हातात देताना लिफ्टवाल्याची बोटं क्षणभर जास्त रेंगाळत, आणि धाकटा छताकडे बघत म्हणे, "माझे हात गेलेत, डोळे नाही." उतरताना तो तिला खालपर्यंत सोडायला येई. जिन्यातला दिवा कायम बंद. दोघं भिंतीला हात लावत, चोरपावलांनी उतरत, आणि दर वेळी एखादी पायरी तरी खारूला मुद्दाम चुकावीशी वाटे.

पण धाकट्याची फुंकर बारीक होत चालली होती. आधी फासा एका फुंकरीत पडे. मग दोन लागू लागल्या. मग तीन.

*

अकराव्या रविवारी लिफ्टवाला चहा टाकायला आत गेला, तसा धाकट्यानं आवाज खाली आणला.

"पहारेकरीणबाई, पहिल्या नकाशात दिवे किती होते?"

"सतरा."

"आज?"

तिनं मनातल्या मनात मोजले. एकतीस होते.

"दादाला वाटतं मला कळत नाही. मी एक खोली पार करतो, तो दोन वाढवतो. शेवटचा दिवा जवळ आला, की तिथं नवा जिना फुटतो." तो श्वास घ्यायला थांबला. "पुढच्या सोमवारी माझ्या गळ्याला नळी बसवणार आहेत. श्वासासाठी. मग आवाज जाणार. फुंकर पण जाणार. रविवार एकच उरलाय... आणि मला तो दिवा विझवायचाय. माझ्या तोंडानं. जुना नकाशा दादानं कधीच फाडला असेल."

"माझ्याकडे आहे," खारू म्हणाली.

"तुमच्याकडे?"

"पोलिसांना द्यायला ठेवला होता."

धाकटा इतका हसला, की त्याला ठसका लागला आणि लिफ्टवाला गाळणी हातात घेऊनच धावत आला.

त्या आठवड्यात खारूनं जमवलेले सगळे नकाशे दुकानाच्या काचेवर एकावर एक धरून पाहिले. बाहेरच्या भिंती तिथल्या तिथं होत्या. आत मात्र खोल्यांना खोल्या फुटल्या होत्या. काही बोळ इतके अरुंद, की त्यातून मांजरही गेलं नसतं. रोज लिफ्टच्या खड्ड्यात उतरून इंच इंच मोजणारा माणूस असली चूक करत नाही. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

गुरुवारी तो आला. कागद उलगडला. चाळीस दिवे.

"मशीन बंद आहे," खारू म्हणाली.

"दिवा तर चालू दिसतोय."

"मशीन चालू आहे. मी बंद आहे."

तो हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून थांबला.

"तुम्ही घर वाढवताय," ती म्हणाली. "त्याला कळलंय. कधीचंच."

त्यानं नकाशाची दुमडलेली कडा बोटानं सरळ केली. मग म्हणाला, "तो त्या दिव्यासाठी जगतोय. दिवा विझला की काय उरणार त्याला? सांगा ना. काय उरणार?"

"आणि सोमवारनंतर? नळी बसली की दिवा तसाच जळत राहील. तो पडल्या पडल्या बघत राहील त्याच्याकडे. बोलताही येणार नाही, आणि विझवताही येणार नाही."

"भाऊ माझा आहे," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "तुमचं काय जातंय?"

काय जातंय ते खारूला सांगता आलं नाही. त्यानं नकाशा गुंडाळला, घाईत चुरगळलासुद्धा, आणि गेला. दार आपटलं.

"कोण होतं गं?" आतून मामा.

"वारा!" ती ओरडली.

मामा चष्मा कपाळावर चढवत बाहेर आले. तिच्याकडे बघितलं. "वाऱ्यानं डोळे इतके लाल होत नाहीत, खारूताई," ते म्हणाले आणि काही न विचारता आत गेले.

शनिवारभर ती स्वतःशी भांडली. या माणसावर आपला जीव जडलाय, हे आता स्वतःपासून लपवण्यात अर्थ नव्हता. जुना नकाशा घेऊन आपण त्याच्या दारात गेलो, तर तो आपलं तोंड पुन्हा बघणार नाही, हेही तितकंच खरं होतं. आणि नाही गेलो, तर पलंगावरचा तो पोरगा आयुष्यातला शेवटचा शब्द भलत्याच कुठल्या तरी बोळात उभा राहून बोलणार होता. रविवारी तिनं काउंटरखालून तो पहिला कागद काढला. कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा होता.

*

दार लिफ्टवाल्यानं उघडलं. तिच्या हातातला कागद पाहिला आणि ओळखला. आता दार लावणार, असं तिला वाटलं. पण तो बाजूला झाला.

"चहा टाकू?" एवढंच म्हणाला.

"आधी खेळ," पलंगावरून आवाज आला.

सतरा दिवे. दुपारचं ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं, ते सरकत सरकत भिंतीवर गेलं. धाकटा मागच्या खिडकीतून शिरला. वाजणारी फरशी त्यानं गालिच्यावरून टाळली. एकेक दिवा विझला, की खारू त्या खोलीवर काळा तुकडा ठेवी. दर फुंकरीला त्याला तीनदा, चारदा श्वास जमवावा लागत होता, पण 'मदत करू का' असं कोणीही म्हणालं नाही. तिसऱ्या मजल्यावर शेवटची पांढरी खोली राहिली. दिव्याखाली पहारेकरी उभी. म्हणजे खारू.

तिनं फासा उघड्यावर टाकला. सतरा. तिची नजर चुकवायला त्याला अठरा तरी हवे होते.

धाकट्यानं डोळे मिटले, सगळा श्वास गोळा केला आणि फुंकलं. फासा पुस्तकावरून गडगडला, चादरीवरून उसळला आणि टप्पकन पलंगाखाली गेला.

लिफ्टवाला गुडघ्यांवर बसला. आत वाकला. फार वेळ लावला त्यानं. अठरा म्हणायला किती वेळ लागतो? पलंगाखालचं कोणाला दिसणार होतं? खारूला वाटलं, म्हण, अठरा म्हण, वीस म्हण... आणि त्याच वेळी वाटलं, नको म्हणूस.

तो वर आला. गुडघ्याला धूळ लागली होती.

"चार," तो म्हणाला.

 मग धाकट्याच्या तोंडावर हसू पसरलं.

"पहिल्यांदा खरा आकडा सांगितलास, दादा." त्यानं मान कशीबशी तिच्याकडे वळवली. "पहारेकरीण... दिसलो मी?"

"दिसलास," खारू म्हणाली. खोटं बोलायचं नव्हतं. "नीट दिसलास."

"मग?"

नकाशातल्या घरात खाली दोन मजल्यांवर अजून पहारेकरी होते, आणि त्यांच्या तोंडची वाक्यं सांग्यानं बोलायची. लिफ्टवाल्यानं घसा खाकरला.  

"कोण आहे रे वर?"

खारूनं धाकट्याकडे पाहिलं, डोळ्यांत डोळे घालून, आणि जिन्याकडे तोंड करून ओरडली, "कोणी नाही! वारा असेल!"

धाकट्यानं विचारलं, "हे... नियमात बसतं?"

"फाशामुळे तू मला दिसलास. पुढं काय करायचं ते पहारेकरीण ठरवते. ती विसरणार नाही तुला, कधीच विसरणार नाही. पण वाट सोडतेय. जा तू."

त्यानं दादाकडे पाहिलं. दादानं मान हलवली, हो म्हणून, आणि ते हो म्हणणं त्याला किती जड गेलं ते खारूला दिसलं. धाकट्यानं मग फुंकर मारली. फाशावर नाही, नुसतीच. खारूच्या कपाळावरची बट जरा हलली. तिनं शेवटची खोली काळी केली.

"झालं," तो म्हणाला. "आता चहा."

*

सोमवारी नळी बसली. त्यानंतर धाकटा त्रेचाळीस दिवस होता, नुसत्या डोळ्यांनी. त्रेचाळिसाव्या दिवशी त्याला स्ट्रेचरवरून तीन मजले उतरवलं. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर उभं करावं लागलं, तेव्हा लिफ्टवाला त्याच्या कानाशी सांगत होता, "आता वळण आहे... आता सात पायऱ्या..." सांग्याच्या आवाजात. दवाखान्यापर्यंत पोचायच्या आतच तो गेला.

मग लिफ्टवाला यायचा बंद झाला. खारूनं दोनदा फोन केला, त्यानं उचलला नाही. तिसऱ्यांदा करायचा धीर तिला झाला नाही. गुरुवार येत आणि जात. काउंटर ती अजूनही दोनदा पुसे.

सहाव्या गुरुवारी दुकानाच्या काचेवर एक सावली पडली. उंच, जरा वाकलेली. थोडा वेळ थांबली आणि गेली. शुक्रवारीही तेच. शनिवारी सावली आली, तेव्हा खारू हातातलं काम टाकून दाराशी गेली. काचेला लावलेल्या जुन्या जाहिरातींमुळे पलीकडचा चेहरा दिसत नव्हता.

"कोण आहे तिथं?" तिनं विचारलं.

सावली एक पाऊल मागं सरकली, पुन्हा पुढं आली. मग पलीकडून, अगदी हळू, "वारा... वारा असेल."

"इथला पहारेकरी विसरत नाही," खारू म्हणाली आणि दार उघडलं.

दाढी वाढलेली. डोळे खोल गेलेले. काखेत तीच पुठ्ठ्याची नळी. नळीतून त्यानं कागद काढला, पण तिच्या हातात देईना. तिला बघताक्षणीच कळलं, कुठला कागद ते.

"तीन दिवस येतोय," तो म्हणाला. "नुसता झेरॉक्स काढायचाय. नाव लिहिलंय त्याचं. एकदा मशीनखाली घातलं की... पक्कं होईल असं वाटतं."

"किती प्रती?"

"माहीत नाही."

खारूनं कागद ओढला नाही. त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि कागद दोघांनी मिळून काचेवर ठेवला. तिनं झाकण हलकेच खाली घेतलं. हिरवट उजेड खालून सरकत गेला आणि विझला. प्रत बाहेर आली. कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा होता. तो बघून लिफ्टवाला रडला, काउंटरवर दोन्ही हात टेकून, आवाज न करता. खारू त्याचा एक हात धरून उभी राहिली.

"घर फार मोठं झालंय," डोळे पुसत तो म्हणाला. "एकही खोली वाढवली नाही मी. आपोआपच झालंय. संध्याकाळी वर जायला भीती वाटते."

"पहाऱ्याला माणूस हवंय का?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"तू... येशील?"

पहिल्यांदाच तो तिला तू म्हणाला होता.

"तुझ्या जिन्यातला दिवा आधी दुरुस्त कर," ती म्हणाली. "मग येईन. आणि एकदा आले की जाणार नाही, सांगून ठेवते. भाऊ तुझा होता... पण माझंही गेलंय काहीतरी. तेव्हा सांगता आलं नव्हतं."

"ते तेव्हाही कळलं होतं मला," तो म्हणाला. "म्हणूनच पळालो होतो."

त्याची बोटं तिच्या बोटांत अडकली. काळी, खरखरीत, थंड. तिच्या बोटांना टोनर होताच. दार कोणी लावलं नव्हतं. ते हवेनं आपटलं.

"कोण आलंय गं?" आतून मामा.

खारूनं त्याच्याकडे पाहिलं, डोळ्यांत डोळे घालून.

"कोणी नाही मामा," ती ओरडली. "वारा असेल!"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बरं," मामा म्हणाले. "मग त्या वाऱ्याला म्हणावं, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."